निळी कड

६ मे

आई,

वर आधी 'तीर्थरूप' लिहिलं होतं. मग खोडलं. चार वर्षं तोंड न दाखवलेल्या सुनेने एकदम तीर्थरूप म्हटलं तर तुम्ही पहिल्याच ओळीला चष्मा काढून ठेवाल. म्हणून नुसतं आई. तेवढा हक्क अजून उरलाय असं धरून चालते.

हे पत्र आभाराचं आहे. नाक मुरडू नका. तुम्हाला आभार सोसत नाहीत हे मला पक्कं ठाऊक आहे. रफू केलेला कोट न्यायला आलेलं गिऱ्हाईक जरा जास्त गोड बोलायला लागलं की तुम्ही 'बरं बरं, खिशात किल्ल्या कोंबू नका आता' म्हणून त्याला वाटेला लावायचात. पण गेल्या महिन्यात तुमच्यामुळे माझी नोकरी वाचली. ते तुम्हाला न सांगता गप्प बसणं मला काही जमेना.

मी आता एका छोट्या कारखान्यात आहे. तिथे कातडीच्या दवाखान्यांसाठी कॅमेरे बनतात. डॉक्टर तीळ, चट्टे, डाग यांचे मोठाले फोटो काढतात, सहा महिन्यांनी पुन्हा काढतात आणि दोन्ही शेजारी ठेवून बघतात. माझं काम कॅमेऱ्याच्या पुढचं. कॅमेऱ्यातून जे निघतं तो फोटो नसतोच मुळी. ती असते कच्ची फाईल. तिच्यातून रंगीत फोटो तयार करणारा प्रोग्रॅम मी लिहिते.

कच्ची म्हणजे कशी, ते तुमच्या खटपट्याने तुम्हाला पन्नासदा सांगितलं असेल. (पोटच्या पोराला असं नाव ठेवणारी आई मी दुसरी पाहिली नाही. तो जाऊन चार वर्षं झाली तरी माझ्या डोक्यात तो खटपट्याच आहे.) तरी माझ्या भाषेत एकदा ऐका. कॅमेऱ्याच्या आत नखाएवढी चकती असते, तिच्यावर लाखो बारीक चौकोनी घरं. प्रत्येक घरावर एकाच रंगाची काच. निम्म्या घरांवर हिरवी, उरलेल्यांत अर्ध्यांवर लाल आणि अर्ध्यांवर निळी. म्हणजे एका घराला एकच रंग कळतो. लाल काचेच्या घराला आपल्यावर निळं किती पडलं याचा पत्ताच नसतो. ते शेजारच्या घरांना विचारून भरायचं. फोटोतल्या रंगाच्या तीन वाट्यांपैकी दोन वाटे कॅमेऱ्याने पाहिलेलेच नसतात, कुणीतरी अंदाजाने भरलेले असतात. आमच्या कॅमेऱ्यात ती भरणारी मी.

तर झालं असं, की आमचे कॅमेरे घेणाऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई एका सकाळी तरातरा माझ्या टेबलाशी आल्या. बाईंचा आवाज असा, की पलीकडच्या खोलीतला यंत्रांचा खडखडाट दबला.

"हा माझा पेशंट, हा त्याचा तीळ. या तिळाला निळी कड कुठून आली?"

"असेल ना तिथे," मी म्हटलं.

"मी भिंगाने पाहिलंय. नाहीये. अशी कड दिसली की मी तीळ कापून तपासायला पाठवते. उद्या तुझ्या फोटोवर विसंबून एखाद्याला उगाच कापलं, तर टाके घालायला तू येणार का?"

आमचे साहेब मागेच उभे होते. आठ दिवसांत कड गेली नाही तर मी जाणार हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

पाच दिवस शोधशोध शोधलं. आकडे बरोबर, हिशेब बरोबर. सहाव्या दिवशी तो तीळ एवढा मोठा केला की एकेक घर सुपारीएवढं दिसायला लागलं. आणि मला तुमचा पट्ट्यापट्ट्यांचा कोट आठवला.

तुम्हाला आठवतो? माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तुमच्या हाताखाली बसून मी मोठ्या ऐटीत म्हटलं होतं, हे एवढंसं भोक मी भरते. आणि भरलं. चारही बाजूंचे धागे मध्ये आणून, अगदी न्यायाने, प्रत्येक बाजूचा सारखा वाटा. लांबून पाहिलं तर पट्ट्याच्या मधोमध डाग पडल्यासारखं दिसत होतं. तुम्ही सगळं उसवलंत. मग म्हणालात, "पट्टा उभा चाललाय ना? मग बाजूच्याला काय विचारत बसलीस? त्याचा रंगच वेगळा. वरच्याला विचार, खालच्याला विचार. आधी कापड कुठे चाललंय ते बघावं, मग सुई घालावी."

आई, माझा प्रोग्रॅम अगदी तेच करत होता. तिळाच्या कडेवरचं घर बाहेरच्या गोऱ्या कातडीलाही विचारत होतं आणि आतल्या काळ्या तिळालाही, आणि दोघांची सरासरी काढून भलताच निळा रंग भरत होतं. मी दोन दिवस बसून तो बदलला. आता प्रत्येक घर आधी बघतं की कड कुठल्या दिशेला चालली आहे. मग त्याच दिशेच्या शेजाऱ्यांना विचारतं. कडेच्या पलीकडे विचारायला जात नाही.

निळी कड गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हं." साहेबांनी सांगितलं, त्यांच्या तोंडून हं निघणं म्हणजे फुलांचा गुच्छ समज.

तर त्यासाठी आभार. सात वर्षांपूर्वी उसवलेल्या त्या रफूसाठी. तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले होते आणि तुम्हाला मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं ते इथे लिहीत नाही.

तुमच्या स्वयंपाकघरात चार वर्षांपूर्वी मी जे बोलले, त्याबद्दल हे पत्र नाही. म्हणजे आहे, पण आज धीर होत नाही.

तुमची सून


२० मे

आई,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. (धरलं होतं. पोस्टाची पेटी दिवसातून तीनदा बघत होते.)

तुमच्या लेकीला फोन केला होता. नणंद म्हणून ती माझ्याशी कधीच वागली नाही, आणि सगळं बिनसल्यावरही एकटी तीच फोन उचलत राहिली. म्हणाली, पत्र पोचलं, आईने दोनदा वाचलं आणि सुयांच्या डब्याखाली ठेवलं. फाडलं नाही. तेवढ्यावर मी दोन दिवस खुशीत काढले.

मग पुढच्या फोनवर तिने दुसरं सांगितलं. तुम्ही रफू सोडलंत म्हणे. बटणं लावता, चेन बसवता, उसवलेली शिवण घालता. बारीक काम आलं की परत पाठवता. 'डोळ्यांचा भरवसा राहिला नाही' म्हणता. ती तुम्हाला ओढत डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली, तर तो म्हणाला, या वयात असे डोळे मी पाहिले नाहीत, यांना काहीही झालेलं नाही. तरी तुम्ही घरी येऊन लोकरीची शाल परत केलीत.

कधीपासून, ते मी तिला विचारलं नाही. मला माहीत आहे कधीपासून.

त्याबद्दल लिहायच्या आधी मला तुमच्याकडून एक गोष्ट हवी आहे. उत्तर लिहायची सक्ती नाही, पण एवढं द्याच. खटपट्याने स्वतः जुळवलेला तो कॅमेरा आठवतो ना, भंगारातली चकती आणि दुसऱ्याच कॅमेऱ्याची काच? त्याचे रंग तपासायला त्याने पुठ्ठ्याचं एक कार्ड केलं होतं आणि तुमच्या पेटीतले आठ धागे त्यावर चिकटवले होते. त्यात एक राखाडी होता. तुमच्याकडे राखाडी अकरा. त्यातला कुठला?

कशाला हवा ते आत्ता विचारू नका. सांगेन. खोटं बोलणार नाही, एवढा शब्द देते.

तुमची सून


४ जून

आई,

पाकीट आलं. आत वीतभर राखाडी धागा, आणि गिऱ्हाइकाच्या पावतीमागे लिहिलेल्या तीन ओळी: 'हा शुद्ध राखाडी नाही. तांबूस झाक आहे. त्यालाही सांगितलं होतं.'

चार वर्षांनी तुमचं अक्षर बघितलं. मी ऑफिसात होते, म्हणून नाक शिंकरण्यावर भागवलं. आभार मानते, आणि या वेळी नाक मुरडलंत तरी मानणार.

शब्द दिलाय म्हणून आता सांगते. हे लिहायला मला तीन दिवस लागले आहेत आणि टोपलीत बरेच कागद गेलेत.

मी तेव्हा कामाच्या प्रशिक्षणासाठी तीन आठवडे परगावी होते. रविवारी दुपारी त्याने त्या कॅमेऱ्याने स्वतःचा फोटो काढला, तुमच्या जेवणाच्या टेबलापाशी उभा राहून, हातात ते धाग्यांचं कार्ड धरून. मंगळवारी सकाळी तो कामाच्या टेबलाशी बसल्याबसल्या गेला. हार्ट अटॅक. एकोणचाळीस वर्षं वय.

मी परत आले. पंधरा दिवस मला काही सुचत नव्हतं. मग त्याच्या कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड सापडलं. कॅमेरा त्याने घरी जुळवलेला, त्यामुळे त्याची कच्ची फाईल उघडणारा प्रोग्रॅम जगात कुठेच नव्हता. मी म्हटलं, मीच लिहिते. तीन दिवसांत लिहिला. जेवत नव्हते, तुम्ही ताट आणून ठेवायचात आणि तसंच उचलून न्यायचात. फोटो निघाला. चेहरा लहान होता, तो मी मोठा केला, आणखी मोठा केला. आणि ओठ निळे दिसले.

तो फोटो कागदावर छापून मी स्वयंपाकघरात तुमच्यासमोर आपटला. पुढचं मला शब्दन् शब्द पाठ आहे. तुम्हालाही असणार.

"त्याचे ओठ निळे पडले होते, आई. दोन दिवस आधी! तुम्ही समोर बसून त्याला जेवायला वाढलंत. दोन राखाडींतला फरक तुम्हाला खोलीच्या या टोकावरून त्या टोकाचा कळतो, आणि पोटच्या पोराचे ओठ निळे झालेले कळले नाहीत?"

तुम्ही फोटो हातात घेतलात. बघितलात. आणि म्हणालात, "नसेल दिसलं."

एवढंच. एक शब्द वर नाही. मी त्याच आठवड्यात सामान बांधलं.

आता ऐका. तीन दिवसांत लिहिलेला तो प्रोग्रॅम मी नंतर फेकला नाही. चालतोय ना, मग असू दे म्हणून नव्या नोकरीत सोबत घेऊन आले आणि त्यातला रंग भरायचा तुकडा उचलून तिळांच्या कॅमेऱ्यात घातला. आळशीपणा, दुसरं काय! म्हणजे तिळाला खोटी निळी कड लावणारा आणि त्याच्या ओठांना निळं करणारा प्रोग्रॅम एकच आहे.

डॉक्टरीणबाईंची कड गेली त्या दिवशी सगळे टाळ्या वाजवत होते, आणि मला त्याचे ओठ दिसत होते.

आणि वर हा तुमचा धागा. सगळे रंग तोलायला मी त्या कार्डावरचा राखाडी शुद्ध धरला होता. शुद्ध नसेल, त्यात तांबूस असेल, तर मी ते तांबूस काढून टाकण्याच्या नादात अख्खा फोटो निळ्याकडे ढकलला. तुम्ही त्याला सांगितलं होतं. मला विचारायचंही सुचलं नाही.

तर आता तो फोटो पुन्हा काढायचा आहे, नव्या पद्धतीने, तुमचा धागा मोजून. कच्ची फाईल माझ्याजवळ जशीच्या तशी आहे. रविवारी ऑफिस रिकामं असतं, तेव्हा करेन.

खरं सांगू? माझी पाचावर धारण बसली आहे. ओठ निळे निघाले नाहीत, तर मी तुमच्यावर असा आळ घेतला ज्याला काही आधारच नव्हता, आणि त्यापायी तुम्ही हातातली सुई ठेवलीत. आणि खरंच निळे निघाले तर? मग तुम्हाला काय लिहू? पण काहीही निघो, तुम्हाला कळवेन. लाल तर लाल, निळे तर निळे.

तुमची सून


११ जून

आई,

निळे नाहीत.

आधी हे लिहून टाकलं, म्हणजे तुम्हाला पुढचं वाचताना जीव मुठीत धरायला नको. फोटो सोबत आहे. उजेडात, खिडकीशी बघा.

आता सविस्तर. सकाळी दहाला गेले. आधी तुमचा धागा आमच्या रंग मोजायच्या यंत्राखाली धरला. लाल बाजूला झुकलेला निघाला, तुम्ही लिहिलंय तसाच. तुमच्या डोळ्यांनी जे सांगितलं ते सांगायला आमच्या यंत्राला विजेची तार लागते.

मग कच्ची फाईल उघडली. रंग भरायच्या आधी तो नुसता करड्या ठिपक्यांचा चौकटीचौकटीचा चेहरा असतो. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. त्याच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जो उजेड खरोखर पडला तो एवढाच, बाकी सगळं भरलेलं. मग ओठ पाहिले. त्या फोटोत वरचा ओठ घरांच्या फक्त तीन ओळी जाडीचा आहे. वर काळी मिशी, खाली पांढरे दात, कारण हसत होता. माझ्या जुन्या प्रोग्रॅमने त्या तीन ओळींचा रंग मिशीला विचारला आणि दातांना विचारला. ओठाला कुणी विचारलंच नाही! ओठ आडवा चाललाय, आई. डावीकडे विचारायचं, उजवीकडे विचारायचं. पट्ट्यापट्ट्यांच्या कोटावर तुम्ही मला हे शिकवलं होतं, आणि जिथे खरी गरज होती तिथे मी ते विसरले.

नव्याने भरले. तुमच्या धाग्याने रंग तोलले. ओठ साधे आहेत, तांबूस, जरा कोरडे, चारचौघांचे असतात तसे. कानाच्या पाळ्या उन्हाने लाल दिसताहेत. शर्टाच्या खिशाला शाई लागली आहे, ती मात्र निळीच.

मी एवढ्यावर थांबले नाही, कारण या वेळी मला माझ्यावरच भरवसा नव्हता. दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी तो बराच वेळ बघितला. म्हणाल्या, "फोटोवरून हृदय कळत नाही, हे आधी डोक्यात घाल. पण हा माणूस असा माझ्यासमोर येऊन बसला असता, तर मीही त्याला घरी पाठवलं असतं." मग म्हणाल्या, "त्याच्या आईला सांगितलंस का?"

सांगते आहे. आई, तुम्हाला दिसलं नाही असं काही नव्हतंच. तुम्ही जे होतं ते बघितलंत. तुमचे डोळे चुकले नाहीत, माझा प्रोग्रॅम चुकला, आणि त्याहून जास्त मी चुकले. मला माफ करा. मी तुम्हाला जे बोलले ते कुणी कुणाच्या आईला बोलू नये.

इथे थांबता आलं असतं. पण खोटं बोलणार नाही म्हटलं होतं, आणि लपवणं म्हणजे खोटंच.

त्या फाईलीत फोटो काढल्याची वेळ आहे. रविवार, एक वाजून दहा मिनिटं. माझ्या जुन्या फोनमध्येही एक नोंद आहे, जी मी आजवर कुणाला दाखवली नाही. एक चौदा, एक वीस, एक एकतीस. तीन वेळा त्याने मला फोन केला. मी उचलला नाही.

मी प्रशिक्षणात नव्हते, रविवार होता. चार नव्या मैत्रिणींबरोबर जेवायला बसले होते, कुणीतरी काहीतरी सांगत होतं आणि हसून हसून माझे गाल दुखत होते. फोनवर त्याचं नाव दिसलं. मला वाटलं, आता हा कॅमेऱ्याचं पुराण लावेल, माझं जेवण गार होईल. मी फोन उलटा करून ठेवला. तिन्ही वेळा. संध्याकाळी करते म्हटलं आणि विसरले. सोमवारी दिवसभर परीक्षा होती. मंगळवारी सकाळी फोन आला तो तुमचा.

म्हणून मला ते निळे ओठ हवे होते, आई. आज कळतंय. एरवी मी दहादा तपासल्याशिवाय एक आकडा खरा मानत नाही, आणि तो फोटो मी एकदाच बघून खरा मानला. कारण तुम्हाला दिसलं नाही हे खरं असेल, तर मी फोन उचलला नाही हे लहान ठरत होतं. माझ्याहून जास्त चुकलेलं कुणीतरी मला घरात हवं होतं.

आता काहीच लपवलेलं उरलं नाही. तुम्ही हे पत्र डब्याखाली ठेवा, नाहीतर चुलीत घाला.

तुमची सून


२९ जून

आई,

तुमचं पत्र काल आलं. चार पानं! तुमच्या लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, आईने आयुष्यात कुणाला चार पानं लिहिली नाहीत, वडिलांनाही नाही.

तुम्ही काय लिहिलंत ते तुम्हालाच परत लिहून पाठवणं वेडेपणाचं आहे. पण ते माझ्या हाताने एकदा लिहून काढल्याशिवाय माझ्या आत उतरणार नाही. तर हे तुमचे शब्द:

'फोटो खिडकीत धरून बघितला. ओठ होते तसे आहेत. त्या दिवशी तू ओरडलीस तेव्हाही मला माहीत होतं तुझं चुकतंय. पण तुला कुणावर तरी ओरडायचं होतं आणि घरात मीच होते. भांडले असते तर तू हरली असतीस, आणि मग तू काय धरून उभी राहिली असतीस? म्हणून म्हटलं, नसेल दिसलं.

'पहिलं वर्ष ते ठीक होतं. मग हळूहळू वाटायला लागलं, मशीन कशाला खोटं बोलेल, आपणच म्हातारे झालो. शेवटी मला खरंच आठवेना ओठ कसे होते. सुई धरली की हात अडायचा. हे तुला टोचायला लिहीत नाही. तू सगळं सांगितलंस म्हणून मीही सांगते. परवा समोरच्यांचा लोकरी कोट आला, बाहीला भोक. घेतला. चांगला झालाय.'

आई, इथे मी कागद खाली ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. मी तुमच्यावर आळ घेतला आणि तुम्ही तो अंगावर घेऊन बसलात, तो खोटा आहे हे माहीत असताना. मी पडू नये म्हणून! आणि मी आभार मानत होते ते एका उसवलेल्या रफूचे. खऱ्या गोष्टीचे आभार मानायला मला शब्द सापडत नाहीत, आणि सापडले तरी तुम्ही 'बरं बरं' म्हणाल. म्हणा. मी मानतेच आहे. जन्मभर मानेन.

मग आत येऊन शेवटचं पान वाचलं.

'फोनचं मला माहीत होतं. तो माझ्यासमोर बसूनच लावत होता. तिसऱ्यांदा तू उचलला नाहीस तेव्हा म्हणाला, आई, ती मैत्रिणींबरोबर असेल, मजेत असेल. बरं झालं, तिकडे एकटी पडेल अशी धास्ती होती मला. मग फोन बाजूला ठेवला आणि जेवायला बसला. चिडला नव्हता. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, पण फोनचा विषय तू काढला नाहीस, म्हणून मीही काढला नाही. तेवढी माझी चूक.'

शनिवारी सकाळच्या गाडीने येते आहे. दोन दिवस राहीन, तुम्ही हाकललं नाहीत तर जास्त. तुमच्या लेकीलाही बोलावलंय.

मी मजेत होते, आई. त्या दुपारी मी खरंच खूप मजेत होते. चार वर्षं मला तेच खात होतं, आणि त्याला त्याचंच बरं वाटलं होतं.

तुमची सून